बूस्टचा काटा आणि कॅमचं कार्ड

नव्या कॅमशाफ्टच्या लांबट खोक्यात एक कार्ड येतं. व्हॉल्व्ह किती उचलला जाईल, किती अंश उघडा राहील, कुठे उघडेल, कुठे मिटेल, हे सगळे आकडे त्यावर छापलेले असतात. गिऱ्हाईक कार्ड हातात घेतं तेव्हा त्याची नजर आधी लिफ्टवर जाते, मग ड्युरेशनवर. आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी, असा त्याचा सरळ हिशोब. डेट्रॉईटच्या उत्तरेला, वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या जवळपास असलेल्या एका इंजिन वर्कशॉपमधला सोलापूरचा इंजिनीअर मात्र हे कार्ड शेवटाकडून वाचायला घेतो. गाडीवर सुपरचार्जर असेल, तर त्याला आधी लोब सेपरेशन बघायचं असतं. म्हणजे इनटेकच्या लोबचा माथा आणि एक्झॉस्टच्या लोबचा माथा यांच्यात किती अंशांचं अंतर ठेवलंय, ते. तिथे ११० लिहिलेलं दिसलं की तो खोकं पुन्हा बंद करतो.

त्याला इथे सोलापूरकर म्हणू.

सोलापूर म्हटलं की लोकांना चादरी आणि शेंगाचटणी आठवते. पण या गावात कॅमशाफ्टही ओतले जातात, आणि तेही जगाच्या बाजारासाठी. १९९२ साली सुरू झालेल्या तिथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचा माल जनरल मोटर्स आणि फोर्डसारख्या कंपन्यांच्या इंजिनांत गेला आहे. सोलापूरकराने कॅमशाफ्ट पहिल्यांदा हाताळला तो आपल्या गावी, ओतकामाच्या बाजूने. वाळूच्या साच्यात जिथे लोब येणार तिथे लोखंडी चिल बसवतात. वितळलेलं लोखंड त्याला टेकलं की क्षणात गोठतं आणि लोबच्या पृष्ठभागावर कार्बाइडचा कडक पांढरा थर तयार होतो. मधला दांडा सावकाश निवतो, म्हणून तो करड्या लोखंडाचाच राहतो, कापायला सोपा आणि सहज न तुटणारा. एकाच ओतकामात दोन स्वभावांचं लोखंड मिळवायची ही युक्ती. ज्या इंजिनात सपाट टॅपेट लोबवर घासत जातो तिथे हा कॅम उत्तम चालतो.

पुढे शिक्षणासाठी तो मिशिगनला गेला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या पुरवठादारांकडे नोकरी केली आणि शेवटी रमला तो वर्कशॉपमध्ये. इथल्या बऱ्याच आधुनिक व्ही-८ इंजिनांत लिफ्टरच्या टोकाला रोलर असतो. रोलरचा लोबशी संपर्क जेमतेम एका रेषेपुरता, त्यामुळे तिथला ताण चिल केलेल्या लोखंडाला सोसत नाही. कॅम पोलादाचाच लागतो. धातू बदलला, तरी लोबकडे बघायची सोलापुरात लागलेली सवय त्याच्याकडे राहिली. लोब हातात आला की तो माथा बघत नाही, दोन्ही बाजूंचे उतार बघतो. व्हॉल्व्ह कधी उघडतो आणि कधी मिटतो ते उतार ठरवतात.

कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, झाले की एक चक्र पुरं होतं. त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आधी इनटेक उघडायला लागतो आणि काही अंश दोन्ही एकदम उघडे असतात. हा ओव्हरलॅप. साध्या, म्हणजे सुपरचार्जर उर्फ ब्लोअर नसलेल्या इंजिनात त्याचा मोठा उपयोग होतो. वेगाने बाहेर पडणारा धूर मागे कमी दाबाचा पट्टा सोडतो, तो पट्टा सिलिंडरमधली उरलीसुरली घाण ओढून नेतो आणि त्याच ओढीने ताजी हवा आत यायला लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात एड इस्कंदेरियनसारख्या लोकांनी ग्राइंडर मांडून वेगवेगळे कॅम कापायला सुरुवात केली, तेव्हापासून अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी या ओव्हरलॅपवर ताकद मिळवली. आयडलला हाच ओव्हरलॅप उलटा वागतो. इनटेकमध्ये व्हॅक्युम असतो, त्यामुळे धूर मागे फिरून आत शिरतो, मिश्रण पातळ होतं, एखाद्या सिलिंडरमध्ये नीट ज्वलन होतं तर दुसऱ्यात अर्धवट. त्यातून तो अडखळणारा, हिंदकळणारा ‘लोप’ आवाज येतो. वुडवर्डवर सिग्नलला थांबलेल्या जुन्या गाडीचा तो आवाज ऐकून फुटपाथवरची माणसं मान वळवतात.

एका गिऱ्हाइकाला नेमका तोच आवाज हवा होता.

वीज कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. त्याची गाडी २०१० ची शेव्हरोले कॅमॅरो एसएस, सहा गिअरची मॅन्युअल. आत ६.२ लिटरचं एलएस३ इंजिन, मूळची ताकद ४२६ अश्वशक्ती, कॉम्प्रेशन १०.७. त्यावर त्याने आधीच २.३ लिटरचा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर चढवून घेतला होता. गाडी पळत होती, पण आयडलला कंपनीतून आल्यासारखीच गप्प होती. मित्राने सुचवलेला कॅम त्याने कागदावर लिहून आणला होता: इनटेक २३४, एक्झॉस्ट २४६, लोब सेपरेशन ११०. ब्लोअर नसलेल्या गाडीवर या कॅमने मित्राला चांगला गुण दिला होता. मग ब्लोअरवर तर दुप्पट देईल, असा त्याचा अंदाज.

सोलापूरकराने त्याला नकार दिला नाही. कागद उलटा करून त्यावर एक हिशोब मांडला. इनटेक आणि एक्झॉस्टचं ड्युरेशन मिळवायचं, चाराने भागायचं, त्यातून लोब सेपरेशन वजा करायचं, उरेल त्याची दुप्पट करायची. उत्तर म्हणजे ओव्हरलॅप. २३४ अधिक २४६ म्हणजे ४८०, भागिले चार १२०, वजा ११० म्हणजे १०, दुप्पट २०. म्हणजे लिफ्टर पन्नास थाऊ, सुमारे १.२७ मिलिमीटर, उचलला गेल्यावर मोजलं, तर दोन्ही व्हॉल्व्ह २० अंश एकत्र उघडे. मग त्याने गाडीत आधीच असलेल्या कंपनीच्या कॅमचा हिशोब केला: २०४, २११ आणि ११७. उत्तर आलं उणे साडेसव्वीस. उणे याचा अर्थ दोन्ही व्हॉल्व्ह कधीच एकत्र उघडे नसतात असा नाही. सीटवरून नुकते सुटलेले असताना थोडा वेळ असतातच. पण मापण्याच्या उंचीला पोचेपर्यंत एकाचं काम संपलेलं असतं आणि दुसऱ्याचं सुरू व्हायचं असतं.

आणि मग तिसरा हिशोब, ज्यासाठी त्याने हा सगळा खटाटोप मांडला होता. जनरल मोटर्सने याच ६.२ लिटर घराण्यातलं एक इंजिन कारखान्यातच सुपरचार्जर लावून विकलं. त्याचं नाव एलएसए. २००९ च्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीमध्ये ५५६ अश्वशक्तीचं, पुढे २०१२ च्या कॅमॅरो झेडएल१ मध्ये ५८० चं. त्याचा कॅम आहे १९८, २१६ आणि १२२.५. एलएस३ च्या दोन ड्युरेशनची बेरीज ४१५, एलएसएची ४१४. म्हणजे व्हॉल्व्ह उघडे राहण्याची एकूण मुदत जवळजवळ तेवढीच. वाटणी मात्र बदललेली. कंपनीच्या इंजिनीअरांनी इनटेककडून सहा अंश काढून घेतले, एक्झॉस्टला पाच दिले, आणि दोघांना साडेपाच अंशांनी लांब सरकवलं. ओव्हरलॅप उणे ३८.

ब्लोअर लावल्यावर कॅमचं काम कसं बदलतं ते या तीन आकड्यांत दिसतं. हवा ओढून आणायची जबाबदारी आता कॅमवर नाही, ती पट्ट्यावर फिरणारा ब्लोअर ढकलतोच आहे. कॅमने आलेली हवा राखायची आणि वाढलेला धूर वेळेत बाहेर काढायचा. एलएस३ च्या हेडमध्ये इनटेक व्हॉल्व्ह ५५ मिलिमीटर व्यासाचा, एक्झॉस्ट साधारण ४०.४ चा. जास्त हवा, जास्त इंधन, म्हणजे जास्त धूर; आणि जायला दार तेच, लहान. दार मोठं करता येत नाही, म्हणून ते लवकर उघडायचं. त्यात ज्वलनाचा दाब पिस्टनला ढकलत असताना शेवटचा थोडा भाग वाया जातो, पण ब्लोअरच्या इंजिनात तो खर्च परवडतो.

ओव्हरलॅपचं मात्र परवडत नाही. इनटेकमध्ये वातावरणापेक्षा सात-आठ पीएसआय जास्त दाब आणि एक्झॉस्टमध्ये मोकळे हेडर असताना दोन्ही व्हॉल्व्ह उघडे राहिले, तर दोन्ही दारं उघडी असलेल्या शहर बसमध्ये पुढून चढलेले प्रवासी मागून उतरून जावेत तसं होतं. गर्दी दिसते, तिकिटं फाटत नाहीत. टर्बोमध्ये निदान टर्बाइनमुळे एक्झॉस्टकडेही दाब तुंबलेला असतो, पट्ट्यावरच्या सुपरचार्जरमागे तसा अडसर नसतो. वर ही निसटणारी हवा फुकटची नाही. दीडपट दाबाला नेताना ३० अंश सेल्सियसची हवा ब्लोअरमधून ८०-९० अंशांवर पोचून निघते. ती ढकलायला क्रँककडून ताकद घेतलेली असते आणि थंड करायला इंटरकूलर राबलेला असतो. एलएस३ मध्ये इंधन इनटेक पोर्टमध्ये फवारलं जातं, म्हणजे हवेबरोबर पेट्रोलही न जळता निघून जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं.

या ब्लोअरची गंमत अशी की तो मुळात इंजिनासाठी जन्मलाच नव्हता. इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि तो भट्ट्यांना, खाणींना हवा पुरवण्यासाठी वापरला गेला. पुढे जनरल मोटर्सने १९३८ पासून बनवलेल्या ७१ मालिकेच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवर तो आला. या मालिकेतल्या प्रत्येक सिलिंडरचं आकारमान ७१ घनइंच, म्हणून सहा सिलिंडरच्या इंजिनाचा ब्लोअर तो ६-७१. ट्रक-बसच्या भंगारातून हौशी मंडळींनी तो उचलला आणि पेट्रोलच्या व्ही-८ वर बसवला. त्या डिझेलमध्ये हवेने सिलिंडरमधून आरपार जाणं हेच त्याचं काम होतं. वाहत्या हवेने धूर धुऊन काढायचा आणि इंधन नंतर फवारायचं. आरपार गेली ती नुसती हवा. तोच ब्लोअर पोर्ट इंजेक्शनच्या किंवा कार्ब्युरेटरच्या पेट्रोल इंजिनावर आला की आरपार जाणारी वस्तू बदलते. २०१५ च्या कॉर्व्हेट झेड०६ मधल्या एलटी४ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तरीही तिथला कॅम १८९, २२३ आणि १२० आहे. एक्झॉस्टला इनटेकपेक्षा ३४ अंश जास्त.

लाइनमनने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आवाज?”

यावर सोलापूरकराने उलट प्रश्न विचारले. गाडी कोण चालवतं? सिग्नल-सिग्नलच्या रस्त्यावर किती आणि हायवेवर किती? मागच्या ॲक्सलचा गिअर कितीचा? हेडर बदललेत की मूळचेच? ब्लोअरची पुली किती इंचांची? पंपावर कुठलं पेट्रोल भरतोस? अशा चौकशीला गिऱ्हाइकं कंटाळतात, पण कॅम निवडायचं निम्मं काम इथे होतं. रस्त्यावरची गाडी दिवसाचा बहुतेक वेळ आयडलला किंवा अडीच हजार आरपीएमच्या आत असते. पॅडल तळाला जातं ते काही सेकंदांसाठी. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर जुन्या-नव्या हौशी गाड्यांचा ड्रीम क्रूझ भरतो, त्यात तर गाड्या अक्षरशः रांगतात. लाइनमनची सगळ्यात मोठी हौस त्याच दिवसाची.

रांगणाऱ्या गाडीत मोठा ओव्हरलॅप काय काय करतो, ते सोलापूरकराने इतरांच्या गाड्यांवर पाहिलेलं होतं. व्हॅक्युम पडतो, मग ब्रेकच्या बूस्टरला पुरेशी ओढ मिळत नाही आणि पॅडल कडक होतं. न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं की मिश्रण पातळ आहे, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आणखी पेट्रोल ओततो आणि मागच्या गाडीवाल्याचे डोळे चुरचुरतात. ब्लोअरवाल्या गाडीत आणखी एक भर पडते. ब्लोअरला एक बायपास झडप असते. गाडी आरामात चालली असताना ती व्हॅक्युमने उघडते आणि हवा ब्लोअरभोवती नुसती फिरत राहते, दाबली जात नाही. व्हॅक्युम कमजोर किंवा डळमळता झाला की ही झडप धड उघडत नाही, नुसती फडफडते. मग सिग्नलला उभ्या गाडीतही ब्लोअर हवा घुसळून तापवत राहतो. ऑगस्टच्या उन्हात तासभर असं चाललं की पुढे पॅडल दाबल्यावर मिळते ती गरम हवा, आणि गरम हवेवर ईसीयू इग्निशन मागे खेचतो.

शेवटी दोघांनी मिळून ठरवलेला कॅम होता २१८, २३४ आणि ११८. ओव्हरलॅप उणे दहा. कंपनीच्या कॅमहून मोकळा, मित्राच्या कॅमहून ३० अंशांनी घट्ट. इनटेकचा माथा ११४ अंशांवर ठेवला, म्हणजे इनटेक मिटणार खालच्या टोकानंतर ४३ अंशांना, एक्झॉस्ट उघडणार खालच्या टोकाच्या ५९ अंश आधी. इनटेक जरा उशिरा मिटला की पिस्टन वर येताना थोडी हवा परत इनटेकमध्ये जाते आणि प्रत्यक्षात होणारं कॉम्प्रेशन किंचित उतरतं. १०.७ कॉम्प्रेशनवर ब्लोअर चालवायचा, तर नॉकिंगपासून बचावाला ते उपयोगी, आणि परत गेलेली हवा ब्लोअर पुन्हा आत ढकलतोच. माझदाने १९९० च्या दशकात मिलेनिया गाडीच्या २.३ लिटर व्ही-६ मध्ये हीच कल्पना टोकाला नेली होती. इनटेक खूप उशिरा मिटवायचा आणि तूट स्क्रू पद्धतीच्या सुपरचार्जरने भरून काढायची. मिलर चक्राचं ते इंजिन.

कॅम ठरल्यावर स्प्रिंगांचा विषय निघाला. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बूस्ट, म्हणजे ब्लोअरने वाढवलेला दाब, सतत दाबत असतो. ५५ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हवर दहा पीएसआय म्हणजे सुमारे १७ किलोचा भार झाला, आणि तो व्हॉल्व्ह उघडायच्या दिशेने. तेवढी स्प्रिंगची पकड कमी झालीच म्हणून समजायचं. चढ्या आरपीएमला व्हॉल्व्ह सीटवर आपटून उडायला लागला की कार्डावरचे सगळे अंश कागदावरच राहतात. म्हणून कॅमबरोबर स्प्रिंगा आणि पुशरॉडही आले. गिऱ्हाइकाला हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो समजावून सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

बसवण्याचं काम त्या मानाने सरळ. एलएस इंजिनात कॅम ब्लॉकच्या मधोमध असतो आणि हेड न उतरवता बदलता येतो. रेडिएटर काढायचा, क्रँकच्या टोकाचा बॅलन्सर ओढून काढायचा, पुढचं कव्हर आणि चेन सोडवायची, रॉकर सैल करायचे. मग जुना कॅम हाताने एक-दोन फेरे फिरवायचा, की सोळाही लिफ्टर वर ढकलले जाऊन आपापल्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये अडकून बसतात. त्यानंतर कॅमच्या तोंडाला लांब बोल्ट लावून तो तोलून, बेअरिंगना ओरखडा न पाडता बाहेर घ्यायचा. एखादा लिफ्टर खाली घसरला, तर हेड उतरवावंच लागतं, म्हणून त्या पाच मिनिटांत वर्कशॉपमध्ये कुणी सोलापूरकराशी बोलत नाही.

त्याला जास्त वेळ लागतो तो पुढे. क्रँकवर अंशांची चकती लावायची, पिस्टनला अडथळा देऊन खरं वरचं टोक शोधायचं, लिफ्टरवर डायल टेकवायचा आणि कार्डावर लिहिलेला प्रत्येक अंश इंजिनात खरंच तसा पडतो का, ते मोजायचं. चेनच्या गिअरमधली खाच अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे असली तरी काही अंश हलतात. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात किती मोकळीक उरते तेही तो मोजतो. इनटेकला दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटरहून कमी त्याला चालत नाही. इथे रुंद लोब सेपरेशन मदतीला येतं, कारण पिस्टन वरच्या टोकाला असताना दोन्ही व्हॉल्व्ह जवळजवळ मिटलेले असतात.

बॅलन्सर परत चढवल्यावर त्याने आणखी एक काम उरकलं. या इंजिनात क्रँकच्या टोकाला चावी नसते, बॅलन्सर नुसत्या घट्ट बसणीवर आणि बोल्टच्या आवळणीवर टिकतो. ब्लोअरचा पट्टा तोच बॅलन्सर ओढत असतो. पॅडल एकदम दाबलं की तो सरकू शकतो. म्हणून अर्धं भोक क्रँकमध्ये आणि अर्धं बॅलन्सरमध्ये येईल असं पाडून तिथे पोलादी पिन ठोकली.

ट्यूनिंग उरकून गाडी ताकद मोजणाऱ्या डायनोवर चढली, तेव्हा लाइनमन बूस्टच्या काट्याकडे बघत उभा होता. काटा आधीपेक्षा खाली थांबला. त्याचा चेहरा पडला. पट्टा घसरतोय, नाहीतर कुठेतरी गळती आहे, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात पडद्यावर आलेख उमटला. साडेचार हजारांच्या पुढे नवी रेघ जुन्या रेघेच्या वर चालली होती.

ब्लोअरवाल्या गाडीबद्दल सोलापूरकराला सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावी लागते ती हीच गोष्ट. ६.२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात ३.१ लिटर हवा घेऊ शकतं. त्याच एका फेऱ्यात २.३ लिटरचा ब्लोअर दोनदा फिरला, तर तो ढकलतो ४.६ लिटर. जागा कमी, हवा जास्त, म्हणून दाब चढतो. बूस्टचा काटा इंजिनात गेलेली हवा दाखवत नाही, दाराशी तुंबलेली हवा दाखवतो. कॅम सुधारला की इंजिन तीच हवा कमी तुंबवून घेतं. ब्लोअर कमी दाबाविरुद्ध ढकलतो, पट्टा कमी ताकद खातो, हवा कमी तापते, आणि ट्यून करणाऱ्याला इग्निशन दोन-चार अंश पुढे नेता येतं. काटा उतरतो आणि गाडी जोरात पळते.

पण मित्राचा कॅम बसवला असता, तरीही काटा उतरलाच असता. तिथे हवा एक्झॉस्टमधून निसटल्यामुळे. दोन्ही वेळा काटा खाली, दोन्ही वेळा ब्लोअरने ढकललेली हवा साधारण तेवढीच. फरक कळतो तो टॉर्कच्या रेघेवर आणि एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरच्या आकड्यावर. म्हणून नुसता बूस्ट सांगून कॅमची शिफारस मागणाऱ्या माणसाला सोलापूरकर काहीच सांगत नाही.

गाडी घरी गेली ती जवळजवळ कंपनीसारख्याच आयडलवर. गुरगुर जरा वाढली होती, हिंदकळणं नव्हतंच. ऑगस्टमधल्या त्या शनिवारी ती वुडवर्डवर दिवसभर रांगली, ब्रेक मऊ राहिले, तापमानाचा काटा हलला नाही, आणि लाइनमनची तक्रार एकच, की शेजारच्या गाडीकडे लोक बघत होते.

त्यानंतर वर्कशॉपमध्ये आली एक फोर्ड मस्टँग जीटी, पाच लिटरच्या कोयोट इंजिनाची. तिच्यावर सेंट्रिफ्यूगल ब्लोअर होता. हा प्रकार रूट्सपेक्षा वेगळा. त्याचा दाब आरपीएमच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे खाली जवळजवळ नाही आणि वर एकदम भरपूर. त्यामुळे त्यावरचा कॅम खालच्या आरपीएमला साध्या इंजिनासारखा वागणारा लागतो. मस्टँगचा मालकही कॅमची चौकशी करायलाच आला होता. सोलापूरकराने त्याला खोकं विकलंच नाही. २०११ पासूनच्या या इंजिनात चार कॅम असतात आणि इनटेक-एक्झॉस्टचे कॅम इंजिन चालू असताना एकमेकांपासून स्वतंत्रपणे मागेपुढे सरकतात. ओव्हरलॅप पोलादात कोरलेला नाही, ईसीयूच्या तक्त्यांत लिहिलेला आहे. त्याने लॅपटॉप जोडला, पूर्ण थ्रॉटलला ओव्हरलॅप काढून टाकला, खालच्या आरपीएमला होता तसा ठेवला, आणि फक्त ट्यूनिंगचे पैसे घेतले. मालकाने जाता जाता आवाजाबद्दल विचारलंच. तेव्हा त्याने आयडलच्या तक्त्यात थोडा ओव्हरलॅप आणि इग्निशनचा किंचित चढउतार भरून दिला. गाडी दारात उभी राहून हिंदकळायला लागली, आणि पॅडल दाबलं की हिंदकळणं गायब.

लाइनमन त्या दिवशी तेल बदलायला आला होता. आपल्या कॅमॅरोत हे करता येईल का, असं त्याने विचारलं. इग्निशनच्या चढउताराने थोडी नक्कल जमेल, पण त्याच्या इंजिनात एकच कॅम, सोळाही लोब एकाच दांड्यावर, आणि दोन माथ्यांमधलं ११८ अंशांचं अंतर ग्राइंडरवर कायमचं ठरलेलं. हे ऐकून जन्मभर शेव्हरोले चालवलेला तो माणूस बाहेर गेला, मस्टँगभोवती एक चक्कर मारून आला, आणि वापरलेली कोयोट हल्ली कितीला पडते, असं त्याने हळूच विचारलं.